काकांनी जपलेलं यंत्र

चिखलबाईला बोट लागायची. समुद्राच्या तळाचा चिखल तपासून जिचं पोट चालतं तिलाच बोट लागावी, यावर ऑफिसात इतके विनोद होऊन गेले होते की कुणी नवा केला तरी तिला तो जुनाच वाटायचा. गंमत अशी की चालत्या बोटीत तिला काही व्हायचं नाही. हात कामात असले तरी व्हायचं नाही. पण बोट एका जागी उभी राहून डुलायला लागली आणि नुसतं बसून राहायची पाळी आली, की दहा मिनिटांत तिचं डोकं बादलीत. ती निळी बादली बोटवाल्या काकांनी खास तिच्यासाठी ठेवलेली होती. त्या बादलीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

खरं नाव तिला होतं, पण ते अहवालाच्या शेवटच्या पानावर सहीखाली छापलेलं असायचं तेवढंच. ऑफिसात, धक्क्यावर आणि आताशा घरीही ती चिखलबाईच होती. अकरा वर्षं ती एकच काम करत होती. कुठलीतरी कंपनी समुद्रात मासे पाळायचं ठरवायची, म्हणजे मोठमोठे जाळीचे पिंजरे पाण्यात टांगायचे आणि त्यात हजारोंनी मासे वाढवायचे. माशांनी न खाल्लेलं खाणं आणि खाल्लेल्याची घाण, दोन्ही खाली जाणार. खाली पाणी खेळतं असलं तर ते सगळं दूरवर पांगतं आणि समुद्र पचवून टाकतो. पाणी साचलेलं असलं तर तिथेच थरावर थर बसतो, तळ काळा पडतो, आधी चिखलातले किडे मरतात, मग शिंपले, मग खेकडे. तेव्हा पिंजरे टांगायच्या आधी खालचं पाणी किती वाहतं ते मोजायचं आणि परवाना मंडळाला लिहून द्यायचं, हे चिखलबाईचं काम. मोजायला पोलादी तिवईवर बसवलेलं एक यंत्र होतं. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची छोटी, दोन्ही मापात याव्यात म्हणून ते पंधरा दिवस तळाशी ठेवायचं, मग वर काढून त्यातले आकडे ऑफिसातल्या आकडेवाल्याच्या हवाली करायचे.

या खेपेला तीन जागा होत्या. पहिली जहाजांच्या वाटेत आली म्हणून बाद झाली. तिसरी आकडेवाल्याच्या नकाशावर लालभडक उमटली, म्हणजे तिथे पाणी साचलेलं. उरली दुसरी, डोंगराआडची एक शांत खाडी, आणि ती निघाली हिरवीगार. साहेबांनी चहा मागवला. अहवाल शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मंडळाकडे जायचा होता. चिखलबाईच्या सहीशिवाय तो जाणार नव्हता, आणि एकदा तिची सही झाली की त्या खाडीत चोवीस पिंजरे पडणार होते, पुढच्या पंधरा वर्षांसाठी.

मंगळवारी सकाळी ती सही करायच्या आधीचं शेवटचं वाचन करत होती. तिच्या टेबलावर एका बाजूला चिखलाच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला अहवालाची तीन बाडं, मध्ये चहाचा कप ठेवायला पुरेल एवढी जागा. नवा फ्रिज दोन वर्षांपासून येणार होता, त्यामुळे चिखलाच्या बरण्या आणि लोकांचे डबे जुन्या फ्रिजमध्ये गुण्यागोविंदाने नांदत, आणि फ्रिज उघडणारा प्रत्येक जण तिच्या नावाने बोटं मोडत असे. परिशिष्टाच्या एकविसाव्या पानावर यंत्राने नोंदवलेली खोली होती. सरासरी एकोणीस मीटर.

तिने पान उलटलं आणि परत मागे आणलं. त्याच जागेवरचा चिखल काढायला ती स्वतः महिन्यापूर्वी गेली होती. चिखल काढताना हात कामात असतात, त्यामुळे तेव्हा ती शुद्धीत होती. दोरावरच्या खुणा तिने स्वतः मोजल्या होत्या. सत्तावीस मीटर.

ती आकडेवाल्याच्या टेबलाशी गेली. हा माणूस दिवसभर कानात काहीतरी घालून बसे आणि त्याला तीनदा हाक मारावी लागे.

"दुसऱ्या जागेची खोली तू कुठली धरलीस?"

"नकाशावरची. सत्तावीस."

"यंत्र एकोणीस म्हणतंय."

"यंत्र नेहमी काहीतरी वेगळंच म्हणतं," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंय ना, नकाशे जुने आहेत, तिवई तिरपी बसते, थोडं इकडेतिकडे होणारच. मी नकाशाची खोली घेतो आणि यंत्राचा प्रवाह घेतो. इतकी वर्षं तेच करतोय."

हे तिने सांगितलं होतं खरं. कधीतरी, घाईत, कुठल्यातरी अहवालाच्या आदल्या दिवशी दोन मीटरचा फरक आला होता तेव्हा. आता त्याने तो नियमच करून ठेवला होता. आठ मीटर म्हणजे तीन मजल्यांचं घर. तिवई कितीही तिरपी बसली तरी तीन मजले वर कशी चढेल, असा प्रश्न या गृहस्थाला एकदाही पडू नये याचा तिला इतका संताप आला की ती तडक सामानाच्या खोलीकडे वळली. खरं तर तो प्रश्न तिलाही पडला नव्हता, म्हणून संताप जरा जास्तच होता.

सामानाच्या खोलीत तिवई भिंतीला टेकून वाळत ठेवली होती. चिखलबाई गुडघ्यांवर बसली आणि तिने तिवईचे पाय बघितले. पायांच्या वाट्यांमध्ये बोल्टाभोवती पांढरे शिंपल्यांचे तुकडे आणि बारीक खडी अडकली होती. तिने ती नखाने उकरली. मग फ्रिजमधून दुसऱ्या जागेची बरणी आणून झाकण उघडलं. काळा, लोण्यासारखा मऊ चिखल, आणि सडक्या अंड्यांचा तो नेहमीचा वास. त्या चिखलात शिंपल्याचा एक तुकडा नव्हता. यंत्र पंधरा दिवस कुठेतरी राहून आलं होतं, पण या चिखलात नक्कीच नाही.

"झाकण लावा हो!" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

बुधवारी सकाळीच ती धक्क्यावर गेली. बोटवाले काका बोटीच्या टपावर बसून दोराला गाठी मारत होते. सत्तरीला टेकलेले, हात फळीसारखे टणक, आणि बोलायला लागले की थांबवायची सोय नाही. अकरा वर्षांत तिने यंत्र सोडलं ते फक्त त्यांच्याच बोटीतून. ते वर काढून आणायला मात्र काका एकटेच जात. तिला बघून ते खूश झाले आणि लगेच तक्रारीला लागले.

"या बाई. काल उत्तरेच्या खाडीत जाऊन आलो. दहा सापळे लावले होते खेकड्यांना. एक खेकडा नाही! दोरावर नुसती पांढरी साय. हात लावला की बुळबुळ. माझ्या वडिलांनी मला पहिला सापळा लावायला शिकवला तो तिथे. तेव्हा सापळा उचलवायचा नाही, इतका भरायचा."

"काका..."

"नाही, मी काय म्हणतो, तुमच्या त्या कॉम्प्युटरवाल्याला एकदा आणा माझ्या बोटीत. सहा वर्षांपूर्वी तुम्ही मोजलंत, तो म्हणाला पाणी खेळतंय, पिंजरे टाका. कुठे खेळतंय? मी जन्मापासून बघतोय, त्या खाडीत पाणी म्हाताऱ्यासारखं पडून असतं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण आम्हाला कोण विचारतो!"

हे पुराण तिला पाठ होतं. उत्तरेच्या खाडीचं नाव निघालं की तिचीही मान खाली जायची. तिथला तळ चार वर्षांत मेला होता. मंडळाने दोनदा खुलासा मागितला, आकडेवाल्याने दोनदा गणित तपासलं, दोन्ही वेळा गणित बरोबर आलं. शेवटी 'समुद्राच्या वर्तनात अनपेक्षित बदल' असं काहीतरी लिहून त्यांनी फाईल मिटवली होती. ते वाक्य तिचंच होतं, आणि ते लिहितानाही तिला त्याची लाज वाटली होती.

"काका, दुसऱ्या जागेवर यंत्र सोडलं ना आपण, ते नेमकं कुठे सोडलंत?"

"कुठे म्हणजे? तुम्ही सांगितलंत तिथेच. तुम्ही बोटीच्या जीपीएसवर जागेचे आकडे बघून लिहून घेतलेत, मग बसलात बादली घेऊन."

"आणि मग?"

"मग काय, सोडलं. खाली गेलं तर रुतायला लागलं. तिवईचे पाय गेले, मग अर्धी तिवई गेली. म्हटलं, हे काही खरं नाही. वर ओढलं आणि बोट जरा पुढे घेतली, खाडीच्या तोंडाशी, तिथे तळ छान कडक आहे. तिथे ठेवलं. कसं ताठ बसलं!" काकांनी तळहातावर तीन बोटं उभी करून दाखवली. "तुमचं डोकं बादलीत होतं, म्हणून म्हटलं कशाला त्रास द्या."

"किती पुढे?"

"फार नाही. चारशे, साडेचारशे मीटर."

खाडीचं तोंड. तिथे भरती-ओहोटीचं सगळं पाणी चिंचोळ्या वाटेतून जातं. तिथे एखादा मांजराएवढा दगडसुद्धा जागचा हलेल, माशांच्या घाणीचं काय! चिखलबाईने टपाची कड घट्ट धरली.

"अहो काका, मला तिथलंच पाणी मोजायचं होतं! जिथे रुततंय तिथलंच! चिखल इतका मऊ आहे याचाच अर्थ तिथे पाणी हलत नाही. तुम्ही यंत्र उचलून वाहत्या पाण्यात नेऊन ठेवलंत. मला सांगायचं तरी!"

काकांचा चेहरा पडला. मग त्यांना रागच आला.

"आता बरं आठवलं तुम्हाला! पहिल्या वर्षी तुम्ही काय बोलला होतात ते विसरलात? ते तुमचं यंत्र चिखलात गेलं होतं, दोन दिवस गळ टाकून शोधत होतो आपण. तुम्ही या इथे, या धक्क्यावर, माझ्यावर ओरडलात. म्हणालात, काका, हे यंत्र गेलं तर माझी नोकरी गेली, तुम्हाला कळत कसं नाही? रडलात. मी तेव्हाच म्हटलं होतं, बाई, माझ्या हातून परत तुमचं यंत्र चिखलात जाणार नाही. अकरा वर्षं शब्द पाळलाय मी. एक ओरखडा नाही त्याला!"

ती ओरडली होती हे खरं. रडलीही होती. लेक तेव्हा सहा महिन्यांची होती, नोकरी नवी होती आणि यंत्र ऑफिसात एकच होतं. काकांनी ते दोन दिवसांनी शोधून काढलं तेव्हा तिने त्यांचे हात धरले होते. ते सगळं ती पार विसरून गेली होती, आणि काका अकरा वर्षं त्याप्रमाणे वागत होते.

"म्हणजे दर वेळी... दर वेळी हलवता?"

"दर वेळी कशाला? तळ कडक असला की तिथेच. मऊ असला तर हलवतो."

उत्तरेच्या खाडीचा तळ कसा होता हे विचारायची तिला गरज नव्हती. तिथल्या चिखलाच्या बरण्या तिने स्वतः भरल्या होत्या. काकांच्या मात्र अजून काही लक्षात आलं नव्हतं. ते रागारागाने गाठ आवळत होते, आणि दहा मिनिटांपूर्वी ज्या सापळ्यांसाठी जीव तोडून बोलत होते ते सापळे त्यांच्या मागेच रिकामे रचून ठेवलेले होते. चिखलबाई 'येते' म्हणाली आणि धक्क्यावरून जवळजवळ पळालीच.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होता आणि जगातल्या कुठल्याही अडचणीकडे काच बघावी तसा एक डोळा मिटून बघे.

"मग नको करू सही," तो म्हणाला, आणि ताट पुढे ओढलं.

"वा! झालं? इतकं सोपं?"

"सोपं कुठे म्हटलं मी? नको करू एवढंच म्हटलं."

"अरे, यंत्र सोडतानाच्या कागदावर छापलेलं असतं, 'यंत्र माझ्या डोळ्यांदेखत या ठिकाणी सोडले.' खाली माझी सही. अकरा वर्षं! माझे डोळे बादलीत होते. हे मंडळाला कळलं की माझा सहीचा अधिकार जाणार. आणि काकांचं नाव मंडळाच्या बोटवाल्यांच्या यादीतून कटणार. या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार आहे?"

"आई, तू ऑफिसात गोळी मागून घे ना, उलटीची," अभ्यास करता करता लेक म्हणाली. "बाबा किती वर्षं सांगतायत."

गोळीने झोप येते म्हणून ती घेत नसे. आता ते कारण इतकं फुसकं वाटलं की तिने ते बोलूनही दाखवलं नाही. ती जेवली नाही. नवऱ्याने तिचं ताट झाकून ठेवलं.

गुरुवारी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांच्या मागे भिंतभर नकाशा होता आणि त्यावर आजवर मंजूर झालेल्या जागांना हिरव्या टाचण्या टोचलेल्या होत्या. तिने सगळं सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. ही त्यांची खोड होती. माणूस ऐकून घेतोय म्हटल्यावर समोरच्याला आशा वाटायला लागायची.

"म्हणजे साडेचारशे मीटर," ते म्हणाले. "एवढ्याने काय आभाळ कोसळतंय का मॅडम? खाडी तीच आहे ना? पाणी तेच आहे ना?"

"पाणी तेच असतं तर मोजायला कशाला गेलो असतो साहेब?"

"तसं नाही. आता कंपनी तयार आहे, मंडळ तयार आहे. तुम्ही एक तळटीप टाका. 'यंत्राच्या जागेत किंचित फरक संभवतो.' जमवून घ्या ना जरा."

"यात काय जमवायचं? खाडीच्या पोटात पाणी पडून आहे. चोवीस पिंजऱ्यांची घाण तिथेच बसणार. उत्तरेचं झालं तेच परत."

उत्तरेचं नाव ऐकून साहेबांचा हात पेपरवेटवर थांबला. त्यांनी दार नीट लागलंय ना बघितलं.

"उत्तरेची फाईल बंद झाली आहे," ते हळू म्हणाले. "ती उघडलीत तर पहिली सही तुमचीच दिसेल. माझी नाही. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

ते खरंच भल्यासाठी सांगत होते आणि धमकीही तीच होती. इतकी वर्षं या माणसाचं 'जमवून घ्या' ऐकताना ती मनातल्या मनात चरफडायची आणि जमवून घ्यायची. नकाशा जुना आहे, तिवई तिरपी बसली, समुद्राच्या वर्तनात बदल झाला, ही सगळी जमवाजमव तिच्याच हाताने झाली होती. समुद्रात यंत्र काकांनी हलवलं, पण नंतर कागदावर तिने ते कितीदा परत जागेवर नेऊन ठेवलं होतं याची तिलाच मोजदाद नव्हती. तिला साहेबांचा राग आला, आकडेवाल्याचा आला, काकांचा आला, आणि हे सगळे राग फिरून फिरून एकाच टेबलाशी येऊन थांबत होते, तिच्या.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला तिने मंडळाला पत्र लिहिलं. दीड पान. दुसऱ्या जागेचे आकडे चुकीच्या ठिकाणचे आहेत, अहवाल मागे घेत आहे. उत्तरेच्या खाडीचे आकडेही तसेच असण्याची दाट शक्यता आहे, ती फाईल उघडावी. यंत्र सोडताना मी बोटीत होते, पण माझं लक्ष नव्हतं. बोटवाल्याने यंत्र हलवलं ते मीच पूर्वी दिलेल्या सूचनेमुळे. हे शेवटचं वाक्य तिने चारदा वाचलं. ते काकांना वाचवायला लिहिलंय की खरं आहे म्हणून, हे तिचं तिलाच कळेना. मग तिच्या लक्षात आलं की ते खरंच आहे. तिने सही केली आणि पत्र स्वतः नेऊन दिलं. साहेब तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी बोलले ते लेखी.

मंडळाने तिचा सहीचा अधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेतला आणि दुसऱ्या जागेचं मोजमाप पुन्हा करायला सांगितलं. कागदावर आता दोघांच्या सह्या लागणार होत्या, बोटवाल्याची आणि तिची, साक्षीदार म्हणून. काकांचं नाव यादीत राहील की नाही, ते उत्तरेची चौकशी झाल्यावर ठरणार होतं. ही यादीची गोष्ट अजून काकांना कुणी सांगितली नव्हती. सांगायची कुणी, हे उघडच होतं.

मोजमापाच्या दिवशी ती गोळी घेऊन आली होती. धक्क्यावरच्या त्या दिवसानंतर त्यांच्यात फक्त कामाचंच बोलणं झालं होतं. बोट खाडीत शिरली, डोंगराची सावली पाण्यावर आली, आणि तिने ठरवलेल्या आकड्यांवर काकांनी इंजिन बंद केलं. बोट डुलायला लागली. त्यांनी सवयीने निळी बादली तिच्याकडे सरकवली.

"नको," ती म्हणाली. "आज दोर मी पण धरते."

तिवई कठड्यावरून खाली गेली. दोर दोघांच्या हातांतून सरकत होता. वीस मीटर. पंचवीस. सत्तावीसची खूण आली, दोर क्षणभर सैल पडला, आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू, पुन्हा खाली जायला लागला. चिखलबाईला ते प्रथमच हाताला जाणवत होतं. खालून कुणी ओढत नव्हतं. जड वस्तू नुसती आपल्या वजनाने आत चालली होती.

काकांचे हात आपोआप घट्ट झाले. दोर वर यायला लागला.

"रुततंय, बाई."

"रुतू द्या, काका."

"अहो, अर्धी तिवई जाईल."

"प्रवाह मोजणारा डोळा वरच्या बाजूला आहे त्याचा. तो वर राहतो. मी बनवणाऱ्यांना विचारून आलेय." हेही तिने अकरा वर्षांत प्रथमच विचारलं होतं. "सोडा."

काकांनी सोडला नाही. दोर धरून ते पाण्याकडे बघत उभे राहिले. त्यांच्या मानेवरची शीर ताठ झालेली तिला दिसली. ती आता यादीचं सांगणार होती, तोंड उघडलंही होतं तिने, पण काकाच बोलले.

"उत्तरेला पण असंच रुतत होतं."

तिने दोराची पकड बदलली.

"त्या दिवशी धक्क्यावरून तुम्ही पळालात ना, तेव्हा मी म्हटलं, ही बाई अशी का गेली. मग घरी गेलो. जेवायला बसलो. आणि घास तसाच राहिला हातात." त्यांनी दोर मनगटाला एक वेढा दिला. "वडिलांनी शिकवलेली खाडी. सहा वर्षं तुमच्या कॉम्प्युटरला शिव्या देतोय मी. तोंडाशी कडक तळ आहे म्हणून तिथे ठेवलं होतं. म्हटलं बाईंचं यंत्र आहे, खराब व्हायला नको."

"मी बघायला हवं होतं, काका. मी तिथेच होते."

"तुमचं डोकं बादलीत होतं."

"तेच म्हणतेय मी."

एक लाट आली, बोट आडवी डुलली, आणि गोळी घेऊनही चिखलबाईचं पोट ढवळलं. तिने दात आवळले आणि दोर धरून ठेवला. काकांनी मनगटावरचा वेढा काढला. एकेक बोट उघडत त्यांनी दोर सैल सोडला, आणि दोर आणखी हातभर खाली गेला आणि थांबला.

दोराच्या टोकाचा तरंगता बोया खुणेसाठी पाण्यात टाकून झाल्यावर तिने कागद मांडीवर घेतला. जागा, वेळ, खोली सत्तावीस मीटर. 'तळ' या रकान्यात तिने लिहिलं, मऊ चिखल, तिवई अर्धी रुतली. तिने सही केली आणि कागद काकांपुढे धरला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पण पेन हातात घेतलं नाही.

"अजून एक लिहा," ते म्हणाले. "हलवलं नाही, असं लिहा."

तिने लिहिलं.

"वाचून दाखवा."

तिने वाचून दाखवलं. मग काकांनी पेन घेतलं, आणि बोट डुलत असताना, एकेक अक्षर दाबून, आपलं पूर्ण नाव लिहिलं. तिने ते अकरा वर्षांत प्रथमच वाचलं. मग कागद बॅगेत ठेवला, आणि निळी बादली जवळ ओढली.